उतरली की संपली?

भंडारा जिल्ह्यात रात्री बांधीत पाणी पाहायला निघालेला शेतकरी ‘बॅटरी दे’ म्हणतो तेव्हा त्याला टॉर्च हवा असतो. टॉर्चला बॅटरी म्हणण्याची सवय साऱ्या महाराष्ट्राची, पण या जिल्ह्यात तिला थोडे जास्त वजन आहे. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग इथे ‘मॉयल’ची उघडी खाण आहे. तिथून निघणारे मँगनीज डायऑक्साइड कोरड्या सेलच्या कारखान्यांना जाते आणि विजेच्या साहाय्याने ते शुद्ध स्वरूपात तयार करण्याचा प्रकल्पही तिथेच आहे. टॉर्चमधल्या सेलची अर्धी कुंडली इथल्याच मातीत मांडलेली, असे म्हणायला हरकत नाही. जस्त आणि मँगनीज डायऑक्साइडची ही जोडणी लक्लांशे या फ्रेंच संशोधकाची, १८६६ सालची. तिच्यात जस्त खाल्ले जाते आणि खाल्लेले परत येत नाही. सेल संपला, फेकला, नवा टाकला; त्या वस्तूपुरते हे निदानही बरोबर आणि उपायही. मोटारीतल्या बॅटरीची जात निराळी. १८५९मध्ये प्लांते याने शिशाच्या पत्र्यांची जी जोडणी केली तिच्यात रसायनक्रिया दोन्ही दिशांनी चालते. वीज काढली की पत्र्यांवर शिशाचे सल्फेट बसते, वीज भरली की ते सुटते. अशी बॅटरी रोज थोडी उतरते आणि रोज चढते. तिला ‘संपली’ म्हणण्याची वेळ तिच्या आयुष्यात एकदाच यायला हवी. तरीही सकाळी गाडीने सेल्फ घेतला नाही की मालक, शेजारी आणि बऱ्याचदा गॅरेजवालाही टॉर्चचेच वाक्य बोलतो, ‘बॅटरी गेली, नवी टाका.’

या पुस्तकाचा सारा खटाटोप त्या एका वाक्याविरुद्ध आहे. आपल्या बोलण्यात बॅटरीसाठी तीन क्रियापदे आहेत. ‘उतरली’ म्हणजे आतला साठा रिकामा झाला, भरला की पुन्हा उभी राहील. ‘संपली’ म्हणजे साठवण्याची ताकदच गेली, कितीही भरा, राहणार नाही. तिसरे ‘बसली’. ते सर्वांत जास्त वापरात आहे आणि सर्वांत निरुपयोगी, कारण पहिल्या दोन्ही अवस्था त्यात बिनबोभाट मावतात. धानाच्या मुलखात हे समजायला पुस्तक लागू नये. कणगी रिकामी दिसली तर कोणी लगेच नवी कणगी विणायला टाकत नाही. यंदा पीकच कमी आले का, रात्री उंदीर लागतात का, कणगीची बुडाची वीण कुजली का, की धान आहे पण तोंडच अडकले आहे, हे आधी पाहिले जाते. बॅटरीच्या बाबतीतही शक्यता एवढ्याच आहेत. आवक म्हणजे अल्टरनेटरकडून येणारे चार्जिंग, उंदीर म्हणजे गाडी बंद असताना कुठेतरी चाललेली गळती, कुजलेली वीण म्हणजे थकलेली बॅटरी आणि अडकलेले तोंड म्हणजे सैल किंवा गंजलेली जोडणी. यांपैकी कोणती खरी हे काही शे रुपयांच्या मल्टिमीटरने वेगवेगळे करून पाहता येते. माझा दावा एवढाच, की ते वेगळे केल्याशिवाय बॅटरी बदलणे याला दुरुस्ती म्हणता येत नाही.

दाव्याला आधार साध्या गुणाकाराचा आहे. छोट्या मोटारीचा सेल्फ इंजिन फिरवताना सुमारे १५० ॲम्पिअर ओढतो. आकडा मोठा वाटतो, पण हे काम चालते तीन सेकंद. हिशेब केला तर एका स्टार्टला ०.१२५ ॲम्पिअर-तास लागतात. अशा गाडीची बॅटरी बहुधा ३५ ॲम्पिअर-तासांची असते, म्हणजे एका स्टार्टचा खर्च साठ्याच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. गांधी चौकापर्यंत गाडी नेली तरी तो भरून निघावा. आता दुसरी बाजू. गाडी कुलूपबंद उभी असताना घड्याळ, सेंट्रल लॉक, चोरी रोखणारी यंत्रणा आणि इंजिनाचा संगणक मिळून ३० ते ५० मिलिॲम्पिअर खातात. एवढे सर्वसाधारण मानले जाते. ५० धरले तर दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास, म्हणजे दोन आठवड्यांत निम्मा साठा गेला. हीच गळती ३०० मिलिॲम्पिअर झाली तर अडीच दिवसांतच निम्मी बॅटरी रिकामी. आणि डिकीतला पाच वॅटचा दिवा झाकण नीट न बसल्यामुळे जळत राहिला, तर तो एकटा दिवसाला दहा ॲम्पिअर-तास घेतो. तीन सेकंदांचा दणदणीत खर्च बॅटरीला मारत नाही, तिला मारते चोवीस तासांची चिमूटभर गळती. माणसाच्या कानाला मात्र सेल्फचा आवाजच ऐकू येतो, म्हणून संशय नेहमी चुकीच्या जागी जातो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. नवी बॅटरी टाकली, गाडी सुरू झाली, पुढे महिनाभर चालली. मग निदान चुकले कसे? याचे उत्तर वरच्याच आकड्यांत आहे. ३०० मिलिॲम्पिअरची गळती असलेली गाडी रात्रभरात, नऊ तासांत, २.७ ॲम्पिअर-तास गमावते. मालक रोज कामाला जात-येत असेल तर दिवसभरात ते भरले जातात आणि गळती दिसतच नाही. नवी बॅटरी तिच्यावर पांघरूण घालते. मग लग्नसराईत कुटुंब तीन दिवस दुसऱ्याच्या गाडीतून फिरते, आपली अंगणात उभी राहते आणि चौथ्या दिवशी सेल्फ नुसता टकटक करतो. आता शिव्या बसतात नव्या बॅटरीला, कंपनीला, दुकानदाराला. बदलून दिलेली दुसरी बॅटरीही त्याच वाटेने जाते. गाडी सुरू होणे हा पुरावा फक्त एका गोष्टीचा आहे, की आधीची बॅटरी रिकामी होती. ती रिकामी का झाली याविषयी तो काहीच सांगत नाही.

पण ‘उतरली’ आणि ‘संपली’ या दोन पक्क्या भिंतींनी वेगळ्या केलेल्या खोल्या आहेत असे मला म्हणायचे नाही. पहिलीतून दुसरीत जाणारा उतार आहे आणि विदर्भात तो जास्त निसरडा आहे. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत दिवसेंदिवस पडून राहिली तर पत्र्यांवरचे मऊ सल्फेट कडक स्फटिक होऊन बसते आणि चार्जिंगने सुटत नाही. ती घडी जेवढी जुनी तेवढी पक्की. म्हणून गळतीचा शोध पुढे ढकलणे म्हणजे उतरलेली बॅटरी संपण्याची वाट पाहणे. त्यात उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य ढोबळमानाने निम्म्यावर येते आणि पडल्या पडल्या उतरण्याचा वेग दुप्पट होतो, असा या व्यवसायातला जुना ठोकताळा आहे. मे महिन्यात इथे सावलीतला पारा ४५च्या आसपास असतो, बॉनेटखाली तर विचारायलाच नको. पाणी उडते, पत्रे उघडे पडतात, आतली जाळी गंजते. पाणी भरायच्या बॅटरीत अशा वेळी नळाचे पाणी ओतले जाते, हेही रोजचेच. त्यातले क्षार आत कायमचे मुक्कामाला येतात, म्हणून डिस्टिल्ड वॉटरच हवे.

यावर जाणकार म्हणतील की बॅटऱ्या तर थंडीत दगा देतात. दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो, गाड्या रात्रभर उघड्या माळावर उभ्या असतात आणि डिसेंबरच्या पहाटे त्यांतल्या एकदोन हमखास धक्का मागतात. निरीक्षण खरे, निष्कर्ष अर्धा. थंडीत इंजिनाचे तेल घट्ट होते, बॅटरीतली क्रिया मंदावते, सेल्फला जास्त जोर लागतो आणि मिळतो कमी. पण युरोपातल्या शून्याखालच्या थंडीत जी बॅटरी चालते ती आपल्या दहा-बारा अंशांना घाबरायचे कारण नाही. जी घाबरते तिचे नुकसान मे महिन्यातच झालेले असते. डिसेंबर फक्त ते उघडे पाडतो. म्हणून बॅटरीची तपासणी रोवणा सुरू होण्याआधी, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात करावी असे या पुस्तकात सुचवले आहे. इतर ठिकाणची पुस्तके हिवाळ्याआधी सांगतात, ती त्यांच्या हवेची गोष्ट आहे.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित दोष जोडणीचा. भंडारा ही पितळनगरी. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते हे इथे कोणाला सांगावे लागत नाही. बॅटरीच्या पितळी क्लॅम्पचे तेच होते. आम्लाची वाफ वर येते, क्लॅम्पला लागते आणि निळसर-हिरवी भुकटी धरते. ती बव्हंशी मोरचूदच, शेतकऱ्याच्या ओळखीची. पांढरी असेल तर शिशाचे सल्फेट. बाहेरची भुकटी दिसते तरी. खरा त्रास शिशाचा खुंट आणि क्लॅम्प यांच्या मध्ये धरलेल्या, न दिसणाऱ्या पापुद्र्याचा. त्याचा विरोध एका ओहमचा शंभरावा भाग असला तरी १५० ॲम्पिअर वाहू लागताच तिथे दीड व्होल्ट हरवतात. मल्टिमीटर ओहमवर ठेवून हा दोष कधीच सापडत नाही, कारण इतका बारीक आकडा तो वाचू शकत नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, एक टोक खुंटाच्या माथ्यावर शिशात रुतवून धरायचे, दुसरे लगतच्या क्लॅम्पवर, आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगायचे. दोन टोकांत बोटभर अंतर. तिथे शून्याच्या जवळपास काही दिसायला हवे. पण आकडा एकदम १.१ किंवा १.४ वर उडी मारतो आणि हेडलाइट मंद होतात. बॅटरीत वीज आहे, सेल्फही ठीक आहे, मधल्या बोटभर वाटेत चोर बसला आहे. गरम पाणी, खाण्याचा सोडा, तारेचा ब्रश, घट्ट बोल्ट आणि वरून थोडी व्हॅसलिन, एवढ्यावर काम भागते. हीच चाचणी इंजिनाचा लोखंडी भाग आणि बॅटरीचा निगेटिव्ह खुंट यांच्यामध्ये घेतली की अर्थिंगची पट्टी कुजली आहे का तेही कळते, तिथे ०.२ व्होल्टच्या वर गेले तर शंका घ्यावी. नवी बॅटरी बसवणारा क्लॅम्प काढतो, घासतो, पुन्हा घट्ट करतो. कित्येकदा गाडी बरी होते ती त्या घासण्याने, आणि बिल फाटते बॅटरीचे.

चार्जिंगकडे वळताना पुन्हा एक शब्द आडवा येतो. अल्टरनेटरला आपल्याकडे आजही ‘डायनेमो’ म्हणतात. जुन्या ॲम्बॅसडर आणि फियाट गाड्यांत खरोखर डायनेमो असे. त्याच्या काळातली एक परीक्षा नावाबरोबर मागे उरली आहे, चालू इंजिनावर बॅटरीची एक वायर काढायची आणि इंजिन बंद पडते का पाहायचे. डायनेमोच्या गाडीत हा धीटपणा खपून जाई. आजच्या गाडीत वायर सुटताच व्होल्टेज क्षणभर चाळीस, साठ, त्याहूनही वर उसळू शकते आणि अल्टरनेटरचे डायोड किंवा हजारो रुपयांचा संगणक जळतो. ज्या मीटरने हीच माहिती निर्धोक मिळते तो हातात असताना हा जुगार खेळण्याचे कारण नाही. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट असतील तर ती भरलेली, १२.२ असतील तर साधारण निम्मी, १२ असतील तर जवळजवळ रिकामी. इंजिन सुरू केल्यावर १३.८ ते १४.६ दिसायला हवेत. मग हेडलाइट, एसी आणि पंखा लावून पुन्हा पाहायचे, आकडा १३.५च्या खाली घसरत गेला तर पट्टा, रेग्युलेटर, डायोड या क्रमाने संशय घ्यायचा. १५च्या वर सतत राहत असेल तर उलटे दुखणे, बॅटरी उकळते आहे. डायोड फुटला असेल तर त्याची दोन रूपे दिसतात. दिवसा चार्जिंग कमी पडते आणि रात्री त्याच डायोडमधून बॅटरी उलटी गळते, म्हणजे पेरणाराच उंदीर निघतो. अलीकडच्या काही गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी संगणकच चार्जिंग कमी-जास्त करतो. तिथे घटकाभर १२.८ दिसले म्हणून अल्टरनेटरला फाशी देऊ नये, दहा मिनिटे वेगवेगळ्या वेगाने पाहावे.

अल्टरनेटर हा चार्जर नव्हे, हेही इथेच सांगितले पाहिजे. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. तासाभराच्या त्या फेरीने स्टार्टचा खर्च कित्येक पटींनी भरून येतो, पण पार उतरलेली बॅटरी भरून येत नाही, कारण शेवटचा हिस्सा ती फार सावकाश घेते. तिला बाहेरच्या चार्जरवर रात्रभर लावावे लागते. उलट बाजारापर्यंत दोन किलोमीटर, भर उन्हात, एसी आणि रेडिएटरचा पंखा चालू, फाटकात उभे. अशा फेऱ्यांत आयडलवर अल्टरनेटर जेवढे देतो जवळजवळ तेवढेच गाडी खाते. असा मालक ‘मी तर गाडी रोज चालवतो’ म्हणतो आणि तेही खरेच असते.

उंदीर शोधण्याचे काम मात्र चिकाटीचे आहे, आणि पुस्तकाचे सर्वांत लांब प्रकरण त्यावर आहे. कारण इथल्या गाड्यांत कारखान्याने बसवलेल्यापेक्षा नंतर बसवलेले जास्त गळते. म्युझिक सिस्टीमला दोन वीजवाहक तारा असतात. पिवळी कायम चालू, आठवण जपण्यापुरती. लाल चावी फिरवल्यावरच चालू व्हायची. घाईत बसवणारा दोन्ही एकत्र पिळून वर टेप गुंडाळतो. सिस्टीम छान वाजते, फक्त कधीच पूर्ण झोपत नाही. रिव्हर्स कॅमेरा, डॅशकॅम, जीपीएस यांचीही तीच गत. ट्रॅक्टरचे तर विचारूच नका. हंगामात त्यावर एलईडीच्या माळा आणि पेटीएवढे स्पीकर चढतात, वायर थेट बॅटरीवर, मध्ये ना फ्यूज ना स्विच. हंगाम सरला की तो तसाच गोठ्याशेजारी महिनोन्‌महिने उभा. गळती मोजायला निगेटिव्ह वायर काढून मीटर दहा ॲम्पिअरच्या भोकात लावून मध्ये जोडायचा. तो जोडलेला असताना सेल्फ चुकूनही मारायचा नाही. दरवाजाचे कुलूप हाताने बंद केल्यासारखे बसवायचे आणि मग वाट पाहायची. सुरुवातीला मीटर दोन-तीन ॲम्पिअर दाखवतो, कारण संगणक जागे असतात. ते झोपायला वीस ते चाळीस मिनिटे घेतात. याच घाईत बहुतेक चुका होतात. आकडा स्थिरावला आणि तरीही ५०च्या बराच वर असेल, तर एकेक फ्यूज काढत जायचे. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येईल त्या वाटेवर उंदीर आहे.

शेवटचे दोन आक्षेप व्यवहाराचे आहेत. एक, गिऱ्हाईक दारात उभे असताना तासभर मीटर धरून बसणे कोणाला परवडते? छोट्या गाडीची बॅटरी चार-पाच हजारांच्या घरात मिळते, जुनीचे शिशाच्या भावाने काही पैसे वजा होतात, विषय संपतो. इथे मी गॅरेजवाल्याला एकट्याला दोषी धरणार नाही. सुटा भाग विकला तर पैसे मिळतात, दोष शोधला तर मिळत नाहीत, ही व्यवस्था गिऱ्हाइकांनीच टिकवली आहे. ‘काहीच टाकले नाही तर पैसे कसले?’ हा प्रश्न विचारणारा माणूस स्वतःच नव्या बॅटरीची मागणी करत असतो. तपासणीचे वेगळे, आधी सांगितलेले शुल्क असावे आणि ते दोष सापडो न सापडो द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरा आक्षेप, की आता गाड्या संगणकावर चालतात, मीटरचे दिवस गेले, स्कॅनर लावला की झाले. स्कॅनर उपयोगी आहेच. पण व्होल्टेज पडले की ब्रेकपासून स्टिअरिंगपर्यंत प्रत्येक यंत्रणा आपापली तक्रार नोंदवते आणि पडद्यावर बारा दोष उमटतात, ज्यांचे मूळ एक कळकलेला क्लॅम्प असू शकतो. आधी व्होल्ट, मग स्कॅनर. विजेवर चालणाऱ्या मोटारीतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असतेच, आणि ती उतरली तर मोठी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

बॅटरी खरोखर संपते तेव्हा ती स्पष्ट बोलते. रात्रभर चार्जरवर ठेवली, काही तास विश्रांती दिली, १२.६ दाखवते आहे, क्लॅम्प स्वच्छ आहेत, आणि तरीही सेल्फ मारताच आकडा ९.६च्या खूप खाली कोसळतो. किंवा हायड्रोमीटरने सहापैकी पाच घरे १.२५च्या आसपास दाखवतात आणि एकच घर १.१५वर अडकलेले असते. मग रेंगाळू नये, नवी घ्यावी आणि जुनी दुकानातच परत द्यावी. शिसे आणि आम्ल अंगणात ठेवण्याच्या वस्तू नव्हेत. नवी बसवली की त्याच दिवशी तिच्या पाठीवर पक्क्या शाईच्या पेनने चार गोष्टी लिहाव्यात. तारीख, इंजिन बंद असतानाचे व्होल्ट, सर्व दिवे लावून चालू इंजिनावरचे व्होल्ट आणि गाडी झोपल्यावरची गळती मिलिॲम्पिअरमध्ये. पुढच्या जूनमध्ये बॉनेट उघडेल तेव्हा तुलनेला हेच चार आकडे लागतील.